झीरो लीक

घरमालकाला विचारलंच नसतं तर बरं झालं असतं, असं योगिनी नंतर कितीतरी वेळा म्हणाली. पण तिचा नवरा ज्ञानेश विचारल्याशिवाय राहणारा माणूस नव्हे. महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांचे रेडिएटर बनतात, तिथं लीक टेस्टिंगला तो चौदा वर्षं काढून बसलेला, आणि सही असल्याशिवाय तिथं स्क्रूसुद्धा फिरत नाही. घरातही साहेबांचं तेच. म्हणून रहाटणीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एसी बसवायचा असं ठरलं तेव्हा त्यानं सगळ्यात आधी घरमालक उद्धवरावांना फोन लावला.

"एशी लाव की, माजं काय जातंय," उद्धवराव म्हणाले. "पर भिताडाला भोक पाडायचं न्हाई. मागल्या भाडेकऱ्यानं पाडलं आन् पावसाळ्यात समदी भिंत फुगली. भायेरनं त्यो डबा बी टांगायचा न्हाई."

"अहो काका, मग एसी लावायचा कसा?"

"त्ये तुमी बघा. इंजनेर तुमी हाय."

ज्ञानेश इंजिनिअर नव्हता, आयटीआय झालेला होता. पण ते त्यानं दुरुस्त केलं नाही.

ही सगळी धावपळ अण्णांसाठी होती. अण्णा म्हणजे ज्ञानेशचे वडील, दौलतराव. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. बायको गेल्यापासून औसा तालुक्यातल्या गावी एकटेच राहायचे, आणि पोरानं कितीही बोलावलं तरी "येतो की दिवाळीला" म्हणून टोलवायचे. एप्रिलमध्ये भर दुपारी स्टँडवरून घरी चालत येताना ते वाटेतच कोसळले. तीन दिवस लातूरला सलाइनवर होते. हृदय आधीच अधू, बायपास झालेली. तिथल्या डॉक्टरांनी ज्ञानेशला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, "यांना पुन्हा असं ऊन लागलं तर आमच्या हातात काही राहणार नाही. हा उन्हाळा गारव्यात काढा, मग पुढचं बघू."

हे वाक्य ज्ञानेशच्या मनात रुतून बसलं. अण्णांचं एक ऐकलं नाही त्यानं, दवाखान्यातून थेट रहाटणीला घेऊन आला. मुलगी दिव्या सुट्टीला आजोळी गेलेली, तिची खोली अण्णांना दिली. तिला लागूनच बाथरूम, म्हाताऱ्या माणसाला सोयीचं. पण फ्लॅट पाचव्या मजल्यावर आणि वर थेट गच्ची. दुपारी स्लॅब असा तापायचा की पंखा लावला तर गरम वाराच अंगावर यायचा. कूलर आणून पाहिला, तर खोली दमट झाली आणि अण्णांना धाप लागली. त्या दिवशी त्यांचा घामानं चिंब झालेला बनियन ज्ञानेशनं स्वतः पिळून वाळत घातला. अख्खा मे महिना पुढं पडला होता आणि बापाला त्यातून जिवंत बाहेर काढायचं काम त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

काळेवाडीत कादरचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. कादर आधी ज्ञानेशच्याच कंपनीत होता, मग नोकरी सोडून त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. ज्ञानेश त्याच्याकडे गेला.

"चाकांवरचा घेतो म्हणतो," ज्ञानेश म्हणाला. "पोर्टेबल. भोक नको, बाहेर डबा नको."

कादरनं तोंड वाकडं केलं. "घे, पण आवाज फार करतो भावा. कॉम्प्रेसर उशाशीच येतो ना. आणि गारवा बेताचाच."

"अण्णांनी एकतीस वर्षं इंजिनाच्या शेजारी बसून काढलीत. आवाजानं त्यांना उलट झोप लागेल."

"बरं, मग ऐक. एक पाइपवाला येतो आणि दोन पाइपवाला येतो. दोनवाला बाहेरची हवा घेऊन मशीन गार करतो आणि बाहेरच सोडतो. एकवाला खोलीतलीच हवा ओढतो, गरम करतो आणि पाइपातून बाहेर फेकतो. मग खोलीत हवा कमी पडणार. ती कुठून तरी आत येणारच, दाराखालून, खिडकीतून, जिथून मिळेल तिथून. म्हणून दोनवाला चांगला. पण इथं कुणी ठेवत नाही, मागवावा लागेल. तीन आठवडे धर."

"तीन आठवड्यांनी काय उपयोग, राव? तोवर मे संपेल."

"मग एकवाला घे आणि दाराला फट ठेव. मशीन हवा मागते, तिला दे. थोडा गारवा कमी होईल, होऊ दे. तू तुझं कंपनीतलं झीरो लीक तिथं आणू नकोस. मी ओळखतो तुला."

ज्ञानेश हसला. कादर जे बोलला त्यातलं त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं, की फटीतून बाहेरची गरम हवा आत येते. आणि गरम हवेपासूनच तर अण्णांना वाचवायचं होतं! म्हणजे फट ठेवा असं सांगणारा मित्र गेला वाऱ्यावर आणि फट बुजवायची एवढं लक्षात राहिलं. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो ते असं.

शनिवारी मशीन घरी आलं. कमरेएवढं उंच, पांढरंशुभ्र, आणि मागं हत्तीच्या सोंडेएवढा जाड पाइप. पाइप खिडकीत बसवायला एक पट्टीही सोबत आली होती, पण ती वर सरकणाऱ्या खिडकीची, आणि आपल्याकडच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या, आडव्या सरकणाऱ्या. पट्टी काही बसेना. दुसरा कुणी असता तर त्यानं पुठ्ठा कोंबला असता. ज्ञानेशनं कंपनीच्या स्क्रॅपमधून रीतसर गेटपास करून ॲक्रिलिकची शीट आणली, खिडकीच्या मापाची कापली, तिला पाइपाएवढं गोल भोक पाडलं, कडेनं रबराची पट्टी लावली आणि असं घट्ट बसवलं की बोटाचं नखही आत जाईना. पाइप आखूड आणि सरळ ठेवला, कारण लांब पाइप खोलीलाच तापवतो. त्यावर चंदेरी फोमही गुंडाळला. योगिनी चहा घेऊन आली तेव्हा साहेब पाइपाकडे लेकराकडे बघावं तसे बघत होते.

रविवारी दुपारी मशीन चालू केलं. तासाभरानं खोली एकोणतीसवर आली आणि तिथंच अडली. ज्ञानेशला ते सहन होईना. तो देवघराकडे गेला.

"देवाच्या उदबत्त्या घेऊन कुठं निघालात?" योगिनीनं विचारलं.

"लीक शोधायचंय."

"देवा रे! आता घरात पण?"

कंपनीत त्याचं काम काय, तर रेडिएटरमध्ये हवा दाबून भरायची, तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. बुडबुडा दिसला की पीस रिजेक्ट. चौदा वर्षं त्यानं आतली हवा बाहेर जातानाच पाहिली होती. बाहेरची हवा आत येते, आणि येताना सोबत काय घेऊन येते, हे बघायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

पेटती उदबत्ती घेऊन तो खोलीभर फिरला. दाराखाली धरली, धूर आत वळला. तिथं फोमची पट्टी मारली. खिडकीच्या रुळाशी धरली, तिथंही वळला. पट्टी मारली. मग बाथरूमच्या दाराशी गेला आणि थांबलाच. धूर असा सरळ खोलीत ओढला जात होता, जणू कुणी आतून दोरीनं ओढतंय. "सापडला!" तो ओरडला. बाथरूममध्ये वरती काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी होती, बिल्डिंगच्या डक्टमध्ये उघडणारी. तिथून डक्टची गरम हवा बाथरूममध्ये आणि बाथरूममधून खोलीत येत होती. ज्ञानेश स्टुलावर चढला, उरलेल्या ॲक्रिलिकचा तुकडा त्या खिडकीवर लावला आणि चारी बाजूंनी सिलिकॉन भरलं.

त्याच भिंतीवर गॅसचा गीझर होता. स्टुलावर उभं राहून सिलिकॉन भरताना त्याचा कोपर दोनदा त्या गीझरला लागला. दोनदा! तिसऱ्यांदा लागू नये म्हणून साहेब स्टूल बाजूला सरकवून उभे राहिले. इतका नेटका, इतका काळजीचा माणूस, आणि ज्वाळेला हवा लागते हे त्याच्या ध्यानातच येऊ नये! सांगताना आजही चीड येते.

मे महिन्यात त्या घरात गरम पाण्याला दुसरं कुणी हातही लावत नव्हतं. पण अण्णांची गोष्ट निराळी. एसटीत असताना ड्युटीवरून आलं की कढत पाण्यानं अंघोळ, हा त्यांचा नेम. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी दुपारी तीनच्या सुमारास स्टुलावर बसून अंगावर कढत पाणी घेतल्याशिवाय त्यांना दिवस गेल्यासारखा वाटायचा नाही. "गार पाण्यानं धुराळा निघत न्हाई," म्हणायचे. पाचव्या मजल्यावर कुठला आलाय धुरळा! पण वीस-वीस मिनिटं गीझर चालायचा. पडलेबिडले तर आत जाता यावं म्हणून योगिनीनं त्यांना बाथरूमचं दार नुसतं लोटून घ्यायला सांगितलं होतं, आणि ते बिचारे तसंच करायचे.

संध्याकाळी खोली चोवीसवर आली. ज्ञानेशनं थर्मामीटरचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अण्णांची खोली. झीरो लीक." दोन आत्यांनी हात जोडले, एका मामांनी अंगठा दाखवला.

"लई गार झालंय बाबा," अण्णा पलंगावर मफलर गुंडाळून बसले होते. "म्हाबळेश्वरला मुक्कामी गाडी नेल्यावानी वाटायलंय."

ज्ञानेश त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

मंगळवारी तो फर्स्ट शिफ्ट करून घरी आला, तर अण्णांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं आणि मधे अडकवलेली चप्पल. गार हवा सगळी हॉलमध्ये. ज्ञानेशची तळपायाची आग मस्तकात गेली.

"अण्णा, हे काय? फट कशाला ठेवलीत?"

"डोस्कं जड व्हायलंय रे जरा. वारं पायजे वाटलं."

"एसीची सवय नाही ना तुम्हाला. होईल दोन दिवसांत. दार लावूनच बसायचं."

"तसं न्हाई बाबा, अंघुळ केली की जरा..."

"अण्णा, डॉक्टर काय म्हणालेत ते ऐकलंत ना? का तुम्हाला जगायचंच नाही?"

शब्द तोंडातून गेला. अण्णांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून चप्पल काढली, पायात घातली आणि दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

त्यानंतर तक्रार नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. ज्ञानेश जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधून फोन करायचा. "कसं वाटतंय अण्णा?" की तिकडून उत्तर तयार, "झकास!" त्याला बरं वाटायचं. ओव्हरटाइमला थांबणाऱ्या पोरांना तो सांगायचा, "घरी काळजी नाही आता. खोली एकदम पॅक केलीय."

शनिवारी योगिनी अकराला वाकडला गेली, तिथल्या मॉलमध्ये ती बिलिंगला आहे. ज्ञानेश पावणेचारला घरी आला. बाहेर रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं. जिना चढतानाच त्याला वाटलं, बरं झालं वेळेवर मशीन घेतलं.

"अण्णा, आलो हो."

उत्तर नाही. झोपले असतील म्हणून त्यानं हातपाय धुतले, पाणी प्यायला. मग पाण्याचा आवाज कानावर आला. नळ चालू होता. दार ढकललं तर फोममुळं ते चिकटलेलं, खांदा लावून उघडावं लागलं.

अण्णा बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले होते. कमरेला ओला टॉवेल, अर्धं अंग आत, अर्धं खोलीत. नळातून गरम पाण्याची धार चालूच होती. खोली मस्त गार होती.

"अण्णा!"

ज्ञानेश धावला. काखेत हात घालून त्यानं त्यांना खोलीत ओढलं. तोंडावर लाली होती, म्हणून त्याला वाटलं, जीव आहे, हृदयाचं काहीतरी झालंय. पहिला विचार आला तो लातूरच्या डॉक्टरांचा. गारवा. यांना गारव्यात ठेवायचं. आणि या शहाण्या माणसानं काय केलं, तर उठून आधी खोलीचं दार घट्ट लावून घेतलं. गार हवा जायला नको म्हणून! मग एसी अठरावर केला, अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावला. "लवकर या, हार्ट पेशंट आहे," असं पत्ता सांगताना तो तीनदा म्हणाला. नळ तसाच वाहत होता. कुणाला सुचतंय अशा वेळी नळ बंद करायला?

चार-पाच मिनिटं तो तसाच बसून होता. "अण्णा, डोळे उघडा. अण्णा, गाडी येतेय." अण्णांचा श्वास मधेच अडकत होता, मधेच घोरल्यासारखा येत होता. ज्ञानेशच्या कपाळावर आतून कुणीतरी ठोकायला लागलं. त्याला वाटलं, भीतीनं होत असेल. मग पोटात ढवळलं. उठायला गेला तर खोली एका बाजूला कलली.

डोस्कं जड व्हायलंय रे जरा. अंघुळ केली की.

त्यानं बाथरूमकडे पाहिलं. गीझरच्या छोट्या काचेतली ज्वाळा निळी असते, ती पिवळी झाली होती, लपलप हलत होती. तिच्यावर त्यानेच लावलेलं ॲक्रिलिक, चारी बाजूंनी सिलिकॉन, एक बुडबुडा जाईल एवढीही जागा नाही.

त्या क्षणी त्याला सगळं कळलं. एकदम, तोंडात मारल्यासारखं.

नळ बंद केला, ज्वाळा विझली. गॅसचं बटण फिरवलं. दाराचा फोम ओरबाडला, दार सताड उघडलं. अण्णांना काखेत धरून तो मागं मागं ओढत निघाला, हॉलमधून गॅलरीकडे. सत्तर किलोचा ओला माणूस आणि स्वतःचे पाय कापसाचे झालेले. दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा ढसाढसा रडत होता आणि रडत रडतच ओढत होता.

गॅलरीत पश्चिमेचं ऊन आग ओकत होतं. फरशीवर उघडा पाय ठेववत नव्हता. ज्या उन्हापासून बापाला वाचवायला त्यानं जिवाचं रान केलं होतं, त्याच उन्हात त्यानं बापाला उघडं आडवं केलं, खाली सतरंजी सरकवली आणि वरून सावलीला स्वतः वाकून उभा राहिला. गरम वारा आला. रस्त्याच्या धुरळ्याचा, डिझेलचा, कुठल्या तरी घरातल्या फोडणीचा वास असलेला वारा. अण्णांची छाती एकदा मोठी वर आली. मग पुन्हा. मग ते खोकले.

अॅम्ब्युलन्सवाले आले तेव्हाही ज्ञानेश तसाच वाकलेला होता. त्याला सरळ करायला दोघांना धरावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दुसराच प्रश्न विचारला, "घरात गॅस गीझर आहे?"

"आहे."

"बाथरूमला खिडकी?"

"होती," ज्ञानेश म्हणाला. "मी बुजवली."

बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. तो सांगत गेला. एक पाइपवाला एसी, उदबत्ती, फोम, सिलिकॉन, सगळं. कुणी अडवलं नाही, कुणी ओरडलं नाही, म्हणून जास्तच लाज वाटत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "मशीन खोलीतली हवा बाहेर टाकत राहिलं आणि बाथरूममधली हवा आत ओढत राहिलं. गीझरला हवा कमी पडली की तो विषारी वायू सोडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. यांना काही त्रास होत होता का आधी? डोकेदुखी, मळमळ?"

"एकदा म्हणाले होते. मंगळवारी. नंतर नाही."

योगिनी मॉलमधून तशीच धावत आलेली, गळ्यातलं ओळखपत्रही काढलेलं नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती. "रोज होत होता," ती म्हणाली.

"काय?"

"रोज सकाळी माझ्याकडून डोकेदुखीची गोळी मागून घ्यायचे. दुपारच्यासाठी. मला शपथ घातली होती. म्हणाले, ज्ञानूला सांगू नको, पोरानं एवढं हौसेनं केलंय, त्याच्या मनाला लागंल. मला वाटलं, एसीनं दुखत असेल. मला काय माहीत हो!" आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. ज्ञानेशनं तिला बाकावर बसवलं.  शपथ घालायची वेळ अण्णांवर कुणी आणली, ते त्याला ठाऊक होतं.

दोन दिवस ऑक्सिजनवर गेले. कादर एकदा येऊन गेला. मी म्हणालो होतो, असं तो एकदाही म्हणाला नाही. घराच्या किल्ल्या मागून घेतल्या, रहाटणीला जाऊन बाथरूमच्या खिडकीचं ॲक्रिलिक काढून टाकलं आणि परत येऊन किल्ल्या ज्ञानेशच्या हातात ठेवल्या. ज्ञानेशला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा मास्क काढला. आवाज घोगरा झाला होता, पण शुद्ध चांगली होती. नर्सनं मागं उशी लावून बसवलं. ज्ञानेश त्यांना चमच्यानं पेज भरवत होता. अर्धी वाटी झाली आणि त्यानं चमचा खाली ठेवला.

"अण्णा, मी तुम्हाला हात जोडतो. इथून पुढं मला खरं सांगायचं. दुखलं तर दुखलं म्हणायचं. नको असेल तर नको म्हणायचं. माझं मन राखायचं नाही. मी ओरडलो तरी सांगायचं."

अण्णांनी ओठाला लागलेली पेज पुसली.

"खरं सांगू?"

"हो."

"रागवायचं न्हाई."

"नाही रागवणार. तुमची शप्पथ."

"मला गावी जायाचंय."

ज्ञानेशनं चमचा पुन्हा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"हितं मी तुज्यासाठी ऱ्हायलो बाबा," अण्णा हळूहळू, थांबत थांबत बोलत होते. "तू काय कमी केलं न्हाईस. सूनबाईनं बी न्हाई. पर सकाळी तुमी दोगं बी जाताव आन् मी घड्याळाकडं बगत बसतो. त्या खोलीत मला पयल्या दिवसापासनं गुदमरायलंय. मशीन नव्हती तवा बी. गावाकडं दारात बसलो तर चार मानसं हाका मारत्यात. हितं कोन हाय? फोन येतो तुजा, मी झकास म्हनतो, आन् पुन्ना घड्याळाकडं बगतो."

"पण अण्णा, तिथलं ऊन..."

"ऊन हाय. ठाव हाय मला." अण्णांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, सलाइनच्या पट्ट्या लावलेला. "येखांद्या वक्ती पुन्ना पडंन बी. तुला डॉक्टर काय म्हनला, ते मला तवाच कळलं हुतं. तुज्या तोंडावर लिवलेलं हुतं सगळं."

ज्ञानेशच्या ओठांवर नाही आलं होतं. नाही, अजिबात नाही, मी नवा फ्लॅट बघतो, खालच्या मजल्यावरचा, दुसरा एसी लावतो, दोन पाइपवाला मागवतो, रजा टाकतो. सगळी यादी तयार होती. पण आत्ता दोन मिनिटांपूर्वी त्यानेच हात जोडून खरं मागितलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्याला मिळालं होतं.  डोळ्यांतलं पाणी पेजेच्या वाटीत पडलं, ते त्यानं पुसलंही नाही.

"कधी जायचं?" त्यानं विचारलं.

"उद्या," अण्णा म्हणाले. उत्तर इतक्या झटकन आलं, की किती दिवस ते तोंडाशी येऊन थांबलं होतं, हे ज्ञानेशला कळून चुकलं.